मे महिन्यातली विहीर बघा, मग तंबूंचं ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. त्र्यंबकेश्वर तालुक्यात तुमचा साठेक घरांचा पाडा. वर धबधबा. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी नाशिक-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि गावाला मिळतात बाटल्यांच्या काचा. मुंबईच्या एका गृहस्थाने कड्यालगतच्या चार एकरांवर तंबू टाकायचा प्रस्ताव दिलाय: पंधरा वर्षांचा करार, वर्षाला ठरलेलं भाडं, पंधरा जणांना काम. तुम्ही आठ तरुण, त्यात तीन मुली, म्हणता की हे आपणच का करू नये? 'रिजनरेटिव्ह टुरिझम' हा शब्द तुम्ही एका कार्यशाळेत ऐकला आणि आता विचारता, संस्था कोणती नोंदवू?

संस्थेचं शेवटी बोलू. नोंदणीचे कागद घेऊन धावणारी मंडळी मी अठरा वर्षांत पुष्कळ पाहिली. त्यातल्या निम्म्यांकडे आज उरलाय तो शिक्का आणि लेटरहेड.

त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तुमच्या आजोबांना सांगायचा तर 'भर घालणारं पर्यटन' म्हणा. शेतातून पीक काढलं की शेणखत घालून जमिनीला परत देतो, तसं. 'शाश्वत' म्हणजे नुकसान न करणं, आहे तेवढं टिकवणं. इथे मागणी त्याहून जास्त आहे: पाहुणे येऊन गेल्यावर पाणी, जंगल, गावाची पत यात काहीतरी वाढलं पाहिजे. हा शब्द आता कुठल्याही रिसॉर्टच्या माहितीपत्रकात दिसतो. दारात दोन बांबू लावले की झालं रिजनरेटिव्ह. म्हणून मी एकच कसोटी धरतो: जेव्हा एकही पाहुणा येत नाही त्या एप्रिल-मेमध्ये गावाच्या विहिरीला पाणी किती आहे, आणि ते दरवर्षी वाढतंय की घटतंय.

आपल्याकडे हे कोडं जुनंच आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्र्यंबक, पेठकडेही पाऊस धो-धो. आणि त्याच पट्ट्यात मार्च सरला की बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. कारण डोंगराच्या पोटात आहे. बसाल्टचे थर एकावर एक रचलेत. झिजलेला, पोकळ्यांचा थर पाणी धरतो, त्याखालचा अखंड काळा पाषाण धरत नाही. पाणी वर मुरतं, पाषाणावर अडतं आणि उतारावर जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे झरा फुटतो. साठा पातळ असतो. दिवाळीपर्यंत भरपूर, होळीनंतर थेंबाथेंबाने.

आता आकडे. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत. शहरासाठी नियोजनात १३५ धरतात. म्हणजे वीस पाहुणे शहरातल्या सवयीने राहिले तर रोज २,७०० लिटर, तुमच्या पाड्यावरच्या ४९ माणसांच्या वाट्याचं पाणी. तंबूवाल्यांच्या चित्रात छोटा जलतरण तलाव आहे म्हणता. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल, असा साधा तलाव धरला तरी ६० हजार लिटरच्या पुढे जातो. तीनशे वस्तीच्या पाड्याचं साडेतीन दिवसांहून जास्तीचं पाणी, एकदा भरायला. उन्हाने उडणारं आणि दर काही दिवसांनी बदलायचं वेगळं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, चूक करून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका पाड्यावर आम्ही अनुदानातून पर्यटक निवास बांधलं. दोन खोल्या, कमोडचा संडास, सौरदिवे. पाण्यासाठी वरच्या अंगाला बोअर मारली, झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पाहुणे आले, वर्तमानपत्रात फोटो आले, आमची छाती फुगली. दुसऱ्या उन्हाळ्यात एरवी अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणारा झरा होळीलाच आटला. एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, तुझ्या पाहुण्यांनी अंघोळ केली ती आमच्या हंड्यातली का?" उत्तर 'हो' होतं. बोअर बंद केली, निवासही बंद पडलं. आता तिथे शेळ्या बांधतात. शेळ्या पाणी कमी पितात, एवढा फायदा.

तेव्हा या मे महिन्यात पहिलं काम: विहिरीच्या कठड्यावरून दोरी सोडून दर सोमवारी पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. झऱ्याखाली बादली धरून ती किती वेळात भरते तेही लिहा. हे काम मुलींकडे द्या आणि पाहुण्यांची कमाल संख्या पाणी भरणाऱ्या बायांना ठरवू द्या. पुरुषांना विचारलंत तर 'पन्नास येऊ द्या' म्हणतील. पाणी त्यांना डोक्यावर आणायचं नसतं. मी एका ठिकाणी बायांना विचारलं तेव्हा आकडा आला बारा. आम्ही बाराच धरला आणि मार्च ते मे पाहुणे बंद. आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

तंबूंच्या करारावर सही करायच्या आधी तलाठ्याकडून सातबारा काढा आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा. ती आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगरआदिवासीला विकताच येत नाही असं नाही, पण सरकारी पूर्वपरवानगीशिवाय विक्री, गहाण, भाडेपट्टा यातलं काहीच करता येत नाही. भाडेपट्टाही त्यात येतो, हे लोकांना माहीत नसतं. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून केलेला पंधरा वर्षांचा करार पाहून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. त्यात अनुसूचित क्षेत्र म्हणून 'पेसा', म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे. तेव्हा ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाणं त्या गृहस्थालाही परवडणारं नाही. वकिलाला कागद दाखवा. चार-दोन हजार फी गेली तरी चालेल.

त्या माणसाला मी खलनायक ठरवत नाही. त्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबर आहे. पण 'पंधरा जणांना काम' म्हणजे काय ते नीट विचारा. वेटर, माळी, रखवालदार, झाडू. पाहुण्यांचं आरक्षण, दर, पाणी, कचरा यातला एकही निर्णय त्या पंधरांच्या हातात नसतो. गल्ल्यावर कोण बसतं, हाच गावाच्या उद्योगाचा आणि गावातल्या रिसॉर्टचा फरक.

आता एक गोष्ट, जी शहरातला सल्लागार कधी सांगत नाही. तुमच्याकडे गर्दी होते ती जुलैत, आणि जुलैत तुमची आवणी असते. गुडघाभर चिखलात रोपं लावायची आणि त्याच दिवशी बारा जणांचा स्वयंपाक करायचा, हे जमत नाही. उत्साहात पहिल्या वर्षी जमवाल, दुसऱ्या वर्षी सासू-सुनेची भांडणं होतील. दसरा-दिवाळीनंतर हवा छान, डोंगर मोकळे, पण तेव्हा पेठ-सुरगाणा-त्र्यंबकमधली निम्मी घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गेलेली असतात. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग काढणी. घरी म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. म्हणजे पाहुण्यांचा हंगाम आणि घरच्यांचा हंगाम जुळत नाही.

यावर मी वापरलेला उपाय असा. आवणीच्या पंधरा-वीस दिवसांत मुक्काम बंद. त्याऐवजी आवणी उरकल्यावर एक-दोन रविवार रानभाज्यांचं जेवण ठेवा. कवळा, कुर्डू, लोत, जे तुमच्या रानात येतं तेच. जेवायला पंचवीस माणसं, मुक्कामाला कुणी नाही. भात आणि नागली (नाचणी) कापणीला येते तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत मुक्काम. ज्या घरातलं एखादं जोडपं द्राक्षावर न जाता मागे राहू शकतं, त्याच घरांना आधी घ्या. पण खोटी आशा दाखवू नका. त्या जोडप्याची अख्ख्या हंगामाची मजुरी पर्यटनातून पहिली तीन वर्षं तरी सुटणार नाही.

किती सुटेल ते कागदावर मांडू. समजा माणशी एका रात्रीला १,५०० रुपये, दोन जेवणं आणि नाश्त्यासह. त्यातले ८०० घराला, २५० वाटाड्याला, २०० गावनिधीला, २०० आरक्षण-फोन-हिशोब सांभाळणाऱ्याला आणि ५० अडीअडचणीसाठी बाजूला. सहा घरं, घराला दोन पाहुणे, वर्षाला ४० भरलेल्या रात्री. घराला ६४ हजार येतील. किराणा-सरपणाचे माणशी ३०० वजा केले तर हातात ४० हजार. गावनिधीत ९६ हजार. चाळीस रात्री पहिल्या वर्षी भरणार नाहीत, वीस धरा. हे आकडे पाहून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? जोडधंदा म्हणून हे ठीक आहे, मुख्य धंदा म्हणून नाही. मुख्य धंदा शेतीच. पाहुणा जाताना पाच किलो तांदूळ, दोन किलो नागली आणि खुरासणीची चटणी घेऊन गेला तर घराची कमाई रात्रीच्या भाड्याइतकीच वाढते, आणि तो माल पुढे फोनवरूनही जातो. ज्या घराला पाहुणे ठेवणं जमत नाही, त्याचाही तांदूळ त्यात घ्या. नाहीतर सहा घरं विरुद्ध चोपन्न घरं असा पाडा फाटतो.

फाटण्याचं दुसरं कारण म्हणजे पाळी. पाहुणा म्हणतो, मागच्या वेळी त्या मावशींकडे जेवलो, तिथेच पाठवा. ऐकलंत की संपलं. घरांची पाळी समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहा, सगळ्यांना दिसेल अशी. एका गावात ही पाळी पुढाऱ्याच्या पुतण्याच्या वहीत होती. दोन वर्षांत चार घरं बाहेर पडली आणि वही मात्र अजून आहे.

गावनिधीचे पैसे ऑफिस, बोर्ड, टी-शर्ट यावर घालवू नका. झऱ्याच्या वरचा उतार, जिथे पाणी मुरतं, तो भाग ओळखा. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेतल्या जाणकाराला एकदा डोंगरावर फिरवा. मग तिथे सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीत खणलेले), ओघळीत अनगड दगडांचे बांध, आणि गावाने ठरवलेली चराईबंदी. कुणाची गुरं अडली तर त्याला चाऱ्याची सोय याच निधीतून. हिशोब ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि त्याच सभेत सोमवारची पातळीची वहीसुद्धा वाचा. दोन्ही वह्या एकत्र वाचल्या की पाहुण्यांचा आणि पाण्याचा संबंध लोकांना आपोआप दिसतो.

साक्रीजवळचं बारीपाडा एकदा बघून या. धुळे जिल्ह्यात, आपल्या बागलाणला लागूनच. तिथल्या लोकांनी १९९०च्या दशकापासून जंगल राखलं, पाणी परत आणलं. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. लोक बघायला नंतर येऊ लागले. कोकणात वेळासलाही क्रम तोच: २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखली, मग काही वर्षांनी कासव महोत्सव, आणि पाहुणे गावातल्याच घरांत. वेंगुर्ल्याला 'स्वामिनी' बचत गटाच्या बाया खाडीत होडीने कांदळवन दाखवतात. बारीपाड्याला आणि वेळासला राखण आधी झाली, मग पाहुणा आला. तुमच्याकडे पाहुणा आधीच येऊन बसलाय, म्हणून तुमचं काम थोडं अवघड.

त्या धबधब्याच्या गर्दीचं काय? गावातल्या पोरांनी दोरी बांधून गाडीमागे पन्नास रुपये घ्यायला सुरुवात केली की दुसऱ्या रविवारी हाणामारी आणि तिसऱ्या रविवारी पोलीस, हे ठरलेलं. जागा वनखात्याची असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी लेखी ठरवून शुल्क घ्या. गावठाण किंवा गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि छापील पावती. साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या वनविभागाबरोबर हेच करतात, आणि तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठरवावी लागली. मर्यादा हा शब्द आत्ताच ठरावात घाला. गर्दी वाढल्यावर घालायला गेलात तर गावातलेच वडापाववाले विरोध करतील, आणि त्यांचंही चुकणार नाही. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर असेल तर तुमची बाजू फारच भक्कम. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. दावा टाकलाच नसेल, तर संस्था नोंदवण्याआधी तो टाका.

वाटाडे तयार करायला नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य बघा. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. चापडगावच्या बाजूला गावातलीच मुलं दुर्बीण लावून पक्षी दाखवतात. तुमच्यातल्या दोघांना हिवाळ्यात आठवडाभर तिथे पाठवा. पक्ष्यांच्या नावांपेक्षा पाहुण्याला 'इथून पुढे नाही' कसं सांगायचं, ते शिकून येतील. हे सांगता न येणारा वाटाडा मी कामावर ठेवत नाही. काजव्यांच्या झाडाखाली गाडीचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश चमकले की नर-मादीचे प्रकाशाचे इशारेच बिघडतात. भंडारदऱ्याच्या बाजूला ते दरवर्षी बघतो. अंजनेरीवर डोंगराच्या नावाची एक कंदीलपुष्पाची जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. अशी दुर्मीळ झाडं फोटोसाठी दाखवायची, पण जागेची खूण मोबाइलवर टाकू द्यायची नाही. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा राखली आहे. तिथेही पक्ष्यांना सोयीचं असेल तेवढंच अंतर माणसाने ठेवायचं.

आता संस्था. पहिलं वर्ष काही नोंदवू नका. ग्रामसभेचा ठराव, चालू असलेला महिला बचत गट आणि त्याचं बँक खातं एवढं पुरतं. घरचं जेवण विकताय म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र करा, ती सोपी आहे. वर्षभरात कोण खरं काम करतं ते कळेल. त्यानंतर तीन वाटा असतात. सहकारी संस्था: एक सभासद एक मत, गावाला समजणारी, पण निवडणूक आणि लेखापरीक्षणाची कटकट. शेतकरी उत्पादक कंपनी: तांदूळ-नागलीसाठी उत्तम, दहा उत्पादकांवर उभी राहते, मतही माणशी एकच. पण तिचा पाया शेतमालाचा, मुक्कामाचा धंदा तिच्यात ओढूनताणून बसवावा लागतो. कलम ८ ची कंपनी: देणगी, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) मिळवायला सोपी, पण नफा वाटता येत नाही आणि दोन-तीन शिकलेली माणसं संचालक होऊन बसतात, गाव बाहेर राहतं. माझा कल बचत गटांच्या ग्रामसंघाकडे, आणि माल वाढला की वेगळ्या उत्पादक कंपनीकडे. कृषी पर्यटन धोरणाखाली, ते २०२० चं आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पण ती कागद पक्के झाल्यावर.

सिंहस्थाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण तंबूवाल्याची घाई त्यातूनच आलीय. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं. त्र्यंबकपासून पंचवीस किलोमीटरच्या आत जिथे म्हणून सपाट जमीन आहे तिथे कुणी ना कुणी भाव विचारत फिरतंय. त्या दोन महिन्यांसाठी खोल्या बांधू नका. कुंभ बारा वर्षांनी येतो, कर्जाचा हप्ता दर महिन्याला. ओळखीच्या चार-सहा कुटुंबांना घरात उतरवा, बाकी त्र्यंबकच्या अन्नछत्रांना, भोजनालयांना तांदूळ आणि भाजी विका. त्यात जास्त पैसा आहे आणि पाहुण्यांसाठी जादा पाणीही लागत नाही.

आणि पहिली तुकडी. नाशिकमधले ओळखीचे, साहेब, पत्रकार, त्यांचे मित्र यांना फुकट बोलावून 'प्रसिद्धी होईल' असं म्हणू नका. फुकट जेवलेला माणूस चवीबद्दल खरं बोलत नाही. पूर्ण दर देणारे आठ जण घ्या. अंघोळीला माणशी एकच बादली मिळेल हे फोनवरच सांगा, आणि 'एकाच बादलीत कसं होणार?' असं जे विचारतील त्यांना नम्रपणे नाशिकमधल्या चांगल्या लॉजचं नाव सुचवा. उरलेले आले की मला कळवा, मीही येतो. माझे पंधराशे आधीच घेऊन ठेवा.